टिंबटिंबराव

मुरुडच्या एसटी स्टँडवर एके काळी गाडी लागत नसे, डेरेदाखल होत असे. सुटत नसे, कूच करत असे. आणि रद्द झालीच, तर भोंग्यातून एक खोल, दुखावलेला आवाज सांगे, "समस्त प्रवासी जनांस कळविण्यास खेद होतो की, वाटेत एका वडाने रस्त्यावर लोळण घेतल्याकारणे पनवेलची मोहीम तहकूब करण्यात आली आहे. रयतेने धीर सोडू नये."

रयत धीर सोडत नसे, हसत असे. एकदा एक म्हातारी मात्र खिडकीशी येऊन काकुळतीनं म्हणाली होती, "बाबा, माला मोहिमेला न्हाय जायाचं, माला लेकीकडं जायाचं हाय."

हा आवाज श्रावण म्हात्र्यांचा. हुद्दा वाहतूक नियंत्रक. गाव त्यांना नुसतं 'कंट्रोलर' म्हणायचं, अजूनही म्हणतं. वरच्या साहेबांनी एकदा बोलावून समज दिली की घोषणा साध्या मराठीत करा. कंट्रोलरांनी मान लववून "आज्ञा शिरसावंद्य" म्हटलं आणि बाहेर येऊन रोह्याच्या गाडीचं प्रस्थान जाहीर केलं. पुढे साहेबांनीही नाद सोडला. गाड्या वेळेवर सुटत होत्या, आणि एरवी कोणाच्या बापाचं न ऐकणारी स्टँडवरची गर्दी या माणसाचं मात्र शेवटपर्यंत ऐकून घेत होती.

निवृत्त झाल्यावर भोंगा गेला, आवाज राहिला. त्याचं करायचं काय, असा प्रश्न त्यांना पडला असावा. तो त्यांनी एके सकाळी माझ्या गळ्यात आणून टाकला.

स्टँडच्या कडेला माझं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन. जागा एवढीशी की आत गिऱ्हाईक असलं तर दुसऱ्यानं पायरीवर उभं राहावं. अशा जागेत हात पाठीमागे बांधून, येरझाऱ्या घालायचा प्रयत्न करत ते म्हणाले, "चिटणीस, कलम घ्या."

मी आजूबाजूला पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"काका, मी नीता. आणि कलम नाही, कीबोर्ड आहे."

"काळानुरूप शस्त्रे पालटतात," ते म्हणाले. "लिहा. प्रकरण पहिले."

तेव्हापासून मी चिटणीस. आता माझ्या सासूबाईसुद्धा चिडल्या की मला चिटणीस म्हणतात.

तर काका ऐतिहासिक कादंबरी लिहीत होते. म्हणजे ते बोलत होते आणि मी लिहीत होते. समुद्रात एक किल्ला आहे. कुठला, ते सांगायचं नाही. "जंजिरा लिहा की सरळ," मी म्हटलं. पण काकांचे निम्मे मित्र राजपुरीचे मुसलमान, निम्मे कोळीवाड्यातले, आणि ईद असो की होळी, दोन्हीकडे त्यांचं ताट मांडलेलं. किल्ल्याचं नाव घेतलं की खलनायक कुठल्या बाजूचा, हा प्रश्न येणार. "आमच्या कथेत खलनायक म्हणजे भरती-ओहोटी," असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

या किल्ल्याच्या एका खिडकीत कोणीतरी रोज दिवा ठेवून शत्रूच्या गलबतांना खुणा करतं, असा संशय असतो. तो घरभेदी शोधायला नायक खोट्या नावानं गोलंदाज बनून आत शिरतो. नायिका अंबा, तांडेलाची मुलगी, होडीतून किल्ल्यावर मासळी पोचवणारी. त्याला वाटतं, दिवा हीच लावते. तिला वाटतं, हाच लावतो. दोघं भेटली की भांडतात. बाजारात भांडतात, तटावर भांडतात, वादळात एकाच होडीत अडकतात तेव्हा वल्हं कोणी मारायचं यावरून भांडतात. मला खरं तर प्रेमकथा सोसत नाहीत. 'प्राणप्रिये' टाइप करताना माझे दात आंबतात. पण ही भांडणं टाइप करताना मजा यायची, कारण ती ओळखीची होती. संवादच्या संवाद मी स्टँडवर स्वतःच्या कानांनी ऐकलेले होते.

ते कोणाचे, हे सांगायचं तर कुसुममावशीची ओळख करून द्यायला हवी.

स्टँडला लागून तिची खानावळ आहे. वर लॉजच्या चार खोल्या. नवरा जनार्दन ऐन तिशीत तापानं गेला, पदरात लहान मुलगी. मावशीनं चूल पेटती ठेवली आणि तोंडही. गावातल्या तमाम पुरुषांना ती नावानं हाक मारते. मामलेदार कचेरीतला शिपाई असो की वकील, "ए रमाकांत, वाढू का भात?" गेलेल्या नवऱ्याचंसुद्धा नाव घेते. "आमचा जनार्दन असा व्हता, जनार्दन तसा व्हता." जुन्या बायका कानांवर हात ठेवायच्या.

तिच्यात आणि कंट्रोलरांत युद्धाला तोंड फुटलं, तेव्हा मी स्टँडवर हजर होते. अलिबागला कॉलेजला जायची मी. मावशी नांदगावहून जिवंत चिंबोऱ्या घेऊन सकाळच्या गाडीनं आली, आणि लेकीला उतरवण्याच्या गडबडीत टोपली गाडीतच विसरली. टोपलीचं तोंड सुटलं आणि खेकडे बाहेर पडले. गाडीत बायामाणसं सीटवर उभी राहून किंचाळायला लागली, आणि भोंगा कडाडला, "नांदगावच्या गाडीत चिंबोऱ्यांची एक फौज उतरली असून तिने पुढील सर्व आसने काबीज केली आहेत. सदर फौजेच्या सेनापतीणबाई जेथे असतील तेथून दौडत यावे."

सेनापतीणबाई दौडत आल्या. गाडीकडे नाही, थेट कंट्रोलरच्या केबिनमध्ये. काका माईक बंद करायला विसरले, त्यामुळे पुढचं सगळ्या स्टँडनं ऐकलं.

"अरे ए भोंग्या! माज्या चिंबोऱ्यांची टिंगल करतोस? तुजं काय खाल्लं त्यांनी?"

"बाई, आवाज खाली. हे कार्यालय आहे."

"कार्यालय हाय? मंग लाव कोनाचं तरी लगीन!"

स्टँडवर टाळ्या पडल्या. भोंग्यातून बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. त्या दिवशी अलिबागची गाडी उशिरा सुटली आणि माझा पहिला तास बुडाला. कंट्रोलरांच्या कारकिर्दीत असं कधी झालं नव्हतं.

तेव्हापासून ते तिला 'गनीम' म्हणायचे आणि ती त्यांना 'भोंगा'. गंमत अशी की दुपारचा डबा मात्र गनिमाच्याच घरून यायचा. काका एकटे. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं करता करता लग्न राहून गेलं. डबा कंडक्टर पोचवायचे आणि सोबत निरोपही. "गनिमास विचारा, कालवणात मीठ होते की मिठात कालवण?" लगेच उलट निरोप, "भोंग्याला सांग, जीभ दर्यात धुऊन ये." दुसऱ्या दिवशी डबा यायचाच. समोरासमोर गाठ पडली की भांडण. भांडणाशिवाय त्या दोघांना एकमेकांशी एक वाक्य बोलताना मुरुडमध्ये कोणी ऐकलं नव्हतं.

मी त्यांना काका म्हणते, म्हणून आधी तिला काकी म्हणायची. दोघांनीही हरकत घेतली. ते म्हणाले, "त्या बाईस काकी म्हणू नये, लोकांचा गैरसमज होतो." ती म्हणाली, "त्याला काका म्हनतेस ना? मंग माला मावशी म्हन." मी मुकाट्यानं मावशीवर आले.

आता माझ्या दुकानाला मागच्या बाजूला एक खिडकी आहे. ती उघडते मावशीच्या खानावळीच्या पडवीत, जिथे बसून ती मासे साफ करते, नारळ खवते. काका कादंबरी सांगायचे ते नेमके त्या खिडकीशी उभे राहून, आणि स्टँडवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मला आधी वाटलं, वाऱ्याला उभे राहतात. मग एके दिवशी ते सांगत होते, "अंबा व्याकूळ होऊन म्हणाली, हे नाथ, आपण माझ्यावर व्यर्थ संशय घेता." पलीकडचा विळीचा आवाज थांबला.

"नाथ? कोलीन नाथ म्हनते कवा? मेल्या म्हनेल ती, मेल्या!"

काकांनी खिडकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला म्हणाले, "चिटणीस, नाथ खोडा. मेल्या लिहा."

कादंबरी अशी पुढे सरकली. इकडून प्रकरण जायचं, तिकडून दुरुस्ती यायची, आणि मधे मी. दिव्याचं रहस्यसुद्धा मावशीनंच सोडवलं. काकांचा घरभेदी म्हणून किल्लेदार पुरता रंगवून झाला होता. त्याच्या मिशासुद्धा फितूर वाटाव्यात अशा होत्या. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "दिवा कोन लावते म्हनून एवढा गोंधल? किल्ल्यात एखाद्या पोराची आई नसंल का? पोर दर्यावर गेला असंल तिचा." काका आठवडाभर दुकानात फिरकले नाहीत. मग आले आणि किल्लेदाराची निर्दोष मुक्तता केली. दिवा लावत होती एक म्हातारी पाणकीण, कधी न परतलेल्या मुलासाठी. ते प्रकरण टाइप करताना मला रडू आलं, हे मी दोघांनाही सांगितलं नाही.

अडलं ते उखाण्याला. रहस्य सुटलं, वैर संपलं, लग्न लागलं, आणि उंबऱ्यावर बायकांनी अंबेला अडवलं. नाव घे, मगच आत. आता नायक तर खोट्या नावानं आलेला. त्याचं खरं नाव अंबेच्या तोंडून, उखाण्यातूनच वाचकाला कळायचं, अशी काकांची योजना. झकास योजना. फक्त नाव सुचेना. तोवर मी नावाच्या जागी टिंबं देत होते, आणि काकाही बोलताना सरळ टिंबटिंबराव म्हणत होते.

"तोफेला बत्ती, बत्तीला वात, टिंबटिंबरावांनी केला काळजावर घात."

पलीकडून खो खो हसू.

"समुद्राचं मीठ, मिठाचं पाणी, टिंबटिंबरावांची मी शत्रूपक्षाची राणी."

"चिंबोरीला सांग ह्यो उखाना," मावशी म्हणाली. "नांगी मारंल."

नावांच्याही नाना तऱ्हा झाल्या. रणधीर नको, तो व्यायामशाळेतला वाटतो. यशवंत नको, त्या नावाचा एक कंडक्टर त्यांना फार छळायचा. शेवटी वैतागून मी म्हटलं, "काका, तुमचंच नाव टाका ना. श्रावणराव. छान आहे की."

ते एवढे संतापले की येरझारा थांबल्या. "लेखकाने कथेत शिरणे म्हणजे कंडक्टरने स्टिअरिंगला हात लावणे! पुन्हा असे बोलू नका, चिटणीस." आणि त्या दिवसाचं काम बंद झालं.

अशात श्रावण लागला आणि बातमी फुटली. मावशी मुरुड सोडून पनवेलला लेकीकडे कायमची चालली होती. गुडघे साफ गेले होते, खानावळ पुतण्या बघणार होता. गौरी-गणपती झाले की निघायचं. हे तिनं मला खिडकीतून सांगितलं, तेव्हा काका दुकानातच होते. ती आत गेल्यावर ते म्हणाले, "शेवटचं प्रकरण तिच्या जाण्याआधी झालं पाहिजे."

"एवढं लिहिलंत, अजून चार महिने गेले तर काय बिघडतं?"

"पलीकडे कोणी नसेल, तर सांगू कोणाला?"

एवढ्या सरळ मराठीत ते पहिल्यांदाच बोलले. मला फार वाईट वाटलं. म्हणून मी ठरवलं, हा उखाणा आपणच पैदा करायचा, आणि तोही जिच्या तोंडी शोभेल तिच्याकडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खानावळीत गेले. त्या महिन्यात मावशीकडे मासळी नसते. दारात पाटी असते, 'देवाचा महिना. वालाची उसळ मिळेल.' पाटी मी वर्षानुवर्षं वाचत आलेय. मावशी नारळ खवत होती.

"मावशी, एक उखाणा सांग ना. कादंबरीसाठी."

"त्या भोंग्याला सांग, उखाना मनात असावा लागतो. उभ्यानं सुचत न्हाय."

तेवढ्यात दारात कुरिअरवाला आला. नवा होता. "श्रावण म्हात्रे कुठे राहतात?"

"त्यो समोर बाकड्यावर बसलाय बग. पांढऱ्या टोपीचा. त्यालाच दे."

मग पुण्याची एक मंडळी आली. पापलेट नाही म्हटल्यावर तोंडं पाडून विचारायला लागली, "श्रावण पाळता वाटतं?"

"व्हय. पालतो."

"पण श्रावण संपतो कधी?"

"गनपती आले का संपतो."

ती मंडळी उसळ खायला बसली आणि माझ्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं. मी मावशीच्या जवळ सरकले.

"मावशी, नारळी पौर्णिमा कुठल्या महिन्यात येते गं?"

"पावसात."

"पावसातल्या कुठल्या?"

"होड्या दर्यात लोटतात त्या."

"त्या महिन्याला काहीतरी नाव असेल ना?"

विळी थांबली. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की तव्यावरची मांदेली झाली असती माझी. "तुजा कंप्युटर बिगाडलाय काय? जा, गिऱ्हाईक खोलंबलं असंल." आणि मान खाली घालून खवत राहिली. पासष्टीला टेकलेली बाई, पण कानाच्या पाळ्या लालबुंद झालेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या.

आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे काही नवं नाही. माझ्या आजोबांचं नाव हरी, म्हणून आजी हरभऱ्याला जन्मभर 'घोड्याचा दाणा' म्हणायची. पण इथे सगळंच उलटं होतं. स्वतःच्या नवऱ्यासकट झाडून साऱ्या गावाला नावानं बोलावणारी बाई एकाच पुरुषाचं नाव घेत नव्हती. नुसतं नाव नाही, त्यापायी तिनं पंचांगातून एक अख्खा महिना उडवला होता. खानावळ चालवणारी बाई, जिला हा महिना दहा वेळा सांगावा लागतो! आणि आम्ही इतकी वर्षं 'देवाचा महिना' वाचून तिला भाविक समजत होतो.

मी तशीच उठून स्टँडवर पळाले. काका त्यांच्या बाकावर होते. धापा टाकत मी सगळं सांगितलं. चोर पकडलेल्या फौजदारासारखी मी फुशारले होते. काका उडी मारतील, निदान डोळे मोठे करतील, असं वाटलं होतं.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हायती हाय गो माला," ते म्हणाले. ही त्यांची घरची बोली. माझ्याशी ते या बोलीत कधी बोलले नव्हते. "पयल्या वर्सापासून म्हायती हाय."

"मग? मग भांडण मिटवलं का नाही तुम्ही?"

"मिटवलं असतं तर माला श्रावणभाऊ म्हनली असती."

मी बाकाच्या टोकाला टेकले.

"चांगल्या घरची बाई परक्या मानसाशी नीट बोलाया लागली का भाऊ म्हनते त्याला. म्हनावंच लागतं. गाव बगत असतं. मंग नारली पुनवेला राखी, भाऊबीजेला ओवालनी. भांडत व्हती तवर मी तिचा कोनी नव्हतो. तेच बरं व्हतं."

"पण काका, सरळ विचारायचं ना!"

"इचारायचंच व्हतं. तिची पोर लहान, माजी आय आजारी. म्हटलं, जरा थांबू. मंग आय गेली, पोर सासरी गेली, आनि लोक हसतील एवढं वय झालं." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "चिटणीस, हे कोणास बोलू नये."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोघांचाही. बावीस नावं सुचवून नाकारणाऱ्या या माणसाला नाव सुचत नव्हतं असं नाही, एकच सुचत होतं, आणि ते लिहिण्याची छाती नव्हती. मी दुकानात येऊन एका गिऱ्हाइकाचा अर्ज चुकीचा टाइप केला आणि त्याच्यावरच खेकसले.

गणपती आले, गौरी आल्या, गेल्या. मावशी निघायच्या आदल्या दिवशी काका दुकानात आले. कपडे इस्त्रीचे. पलीकडे पडवीत मावशी भांडी पुतण्याच्या ताब्यात देण्यासाठी लावत होती. काका खिडकीशी उभे राहिले, पण आवाज काही चढेना.

"लिहा. अंबा उंबऱ्यावर उभी राहिली. बायका म्हणाल्या, नाव घे. अंबा म्हणाली..." ते थांबले. "अंबा म्हणाली..."

पलीकडची भांडी वाजायची बंद झाली. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले होते. स्टँडवर कुठलीशी गाडी मागे घेत होते, त्याची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

"तिला कशाला धरून ठेवलंय उंबऱ्यावर?" मावशीचा आवाज आला. दुरुस्त्या सांगतानाचा तिचा तो खणखणीत आवाज नव्हता. "येऊ द्या आत. न्हाय घेतलं नाव म्हनून काय झालं? पाठ हाय तिला."

काका खिडकीकडे बघत होते. पहिल्यांदाच थेट बघत होते. खिडकीत मावशी नव्हती, ती भिंतीच्या आडूनच बोलली होती.

"लिहा," ते मला म्हणाले. "अंबेने नाव घेतले नाही. बायकांनी वाट सोडली."

"आणि नायकाचं खरं नाव?"

"टिंबं राहू द्या."

कादंबरी संपली.

मावशी निघाली त्या सकाळी जावई पनवेलहून मोटार घेऊन आला होता. पण मावशी मोटारीत बसायला तयार नाही. "बंद गाडीत माला मलमलतं. सामान तुमी न्या, मी एष्टीनं येते." लेक तिच्यासोबत बसणार, जावई सामान घेऊन मागून येणार, असं ठरलं. निम्मा बाजार स्टँडवर लोटला होता. मावशी सगळ्यांचा निरोप घेत होती, रमाकांतला रडू नको म्हणून दटावत होती आणि स्वतः रडत नव्हती.

गाडी लागली. लेक चढून बसली. कंडक्टर दारात उभा. मावशी खालीच.

"मावशी, चढा, वेळ झाली."

मावशी कठड्याला धरून उभी. नजर स्टँडच्या दाराकडे.

"आई, कोणाची वाट बघताय?" जावयानं विचारलं.

"थांबा जरा," मावशी म्हणाली. "ह्ये येतायत."

जावई इकडेतिकडे बघायला लागला. त्याला काही कळलं नाही. आम्हा बाकीच्यांना कळलं, आणि कोणी कोणाकडे पाहिलं नाही. आयुष्यभर 'त्यो' आणि 'भोंगा' म्हणणारी बाई भर स्टँडवर, लेकीजावयादेखत 'ह्ये' म्हणाली होती. आणि 'ह्ये' माझ्या मागेच येऊन उभे होते, हातात केळ्यांचा घड. त्यांनी ऐकलं होतं. त्यांचे पाय जागीच थांबले होते. मी बाजूला झाले.

ते पुढे गेले. केळी तिच्या हातात दिली.

"खिडकीची जागा हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"उन्हाची बाजू न्हाय ना?"

"न्हाय. बगून घेतली."

"बरं."

"डबा पुतन्याला सांगून ठेवलाय," ती म्हणाली. "मीठ कमी घालाया सांगितलंय."

तिनं पदर खोचला आणि चढली. पायरीवर गुडघा अडला, तसा त्यांचा हात पुढे झाला, पण तोवर कंडक्टरनं तिला वर घेतलं होतं. घंटी वाजली. गाडी सुटली. मागून जावयाची मोटारही गेली. लोक पांगले.

काका बाकावर बसले. मी म्हटलं, "काका, चला, चहा घेऊ."

"गाडी काशीदला पोचू द्या."

मी दुकान उघडलं. बऱ्याच वेळानं चहा घेऊन त्यांच्याकडे गेले, तर म्हणाले, "साळावचा पूल ओलांडला." चहा घेतला नाही. गिऱ्हाइकं आली, गेली. अलिबागला गाडी थांबते तेवढा वेळ ते उठून स्टँडवर फेरी मारून आले. "पेण," मला बघून त्यांनी सांगितलं, मी काही विचारलं नसताना. पुतण्यानं डबा आणून बाकावर ठेवला, तो तसाच होता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"पनवेल आलं," ते म्हणाले. "उतरत असेल. पायरी उंच असते गो. कोनी हात दिला असंल काय?"

"लेक आहे ना सोबत."

"व्हय. लेक हाय," ते म्हणाले. पण उठले नाहीत.